बीसीची राजधानी

सर, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाला पत्र लिहीत बसायची मला हौस नाही. पण आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टूम निघाली आहे. प्रत्येकाने तुम्हाला एक पत्र लिहायचं, त्या पत्रांचं पुस्तक काढायचं, आणि दादरला हॉल घेऊन तुमच्या फोटोपुढे ते प्रकाशित करायचं. काल कुणीतरी तुमचा जुना फोटो टाकला. मागे कॅनडाचा नकाशा, हातात छडी आणि तोंडावर ते हसू. लगेच सगळ्यांना गहिवर आला. "काय दिवस होते यार", "सरांमुळे कॅनडा पाठ झाला", आणि मग एकाने लिहिलं, "अरे, आपली बीसी कुठाय? तिला विचारा राजधानी!" त्याखाली हसून हसून रडणाऱ्या पिवळ्या तोंडांची ही लांब रांग. पन्नाशीला आलेले बाप्ये आणि बायका, नातवंडं खेळवायच्या वयात. मी फोन पालथा ठेवला आणि भाजी निवडायला बसले. पण हात चालेना. म्हटलं, पत्रच हवंय ना, घ्या पत्र.

आठवीच्या भूगोलात कॅनडा होता जेमतेम दोन पानांचा. त्यात गहू, लाकूड आणि थंडी, संपलं. पण तुमचा मुलगा नुकताच तिकडे ओंटारिओला गेला होता, आणि त्याचं कौतुक दादरच्या तुमच्या घरात मावत नव्हतं, म्हणून ते परळच्या आमच्या शाळेत सांडायला लागलं. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला तुम्ही फळ्यावर कॅनडाच्या एखाद्या प्रांताची इंग्रजीत दोन अक्षरं काढायचात आणि कुणाला तरी उभं करायचात. ओएन म्हटलं की ओंटारिओ, राजधानी टोरांटो. एमबी म्हणजे मॅनिटोबा, विनिपेग. एबी म्हणजे अल्बर्टा, एडमंटन. परीक्षेत यातलं काही येणार नव्हतं, पण "जगात वावरायचं तर हे हवं" असं तुमचं म्हणणं. आम्ही गिरणगावातली पोरं, आमचं जग भायखळ्याला संपायचं, तरी घोकायचो. खरं सांगते, मला ते फार आवडायचं. ती नावं तोंडात घोळवायला मजा यायची. सस्कॅचवान, न्यू ब्रुन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड. आई भाकऱ्या थापायची आणि मी तिला म्हणून दाखवायची, आणि ती म्हणायची, "बरां हां बाय, आता पाणी भरून ठेव."

मग एका शनिवारी तुम्ही फळ्यावर बीसी लिहिलंत. ब्रिटिश कोलंबिया. वर्गात खसखस पिकली, कारण बीसी हा शब्द आम्हाला आधीपासून माहीत होता. ऑफिसातून शिपाई चिठ्ठी घेऊन यायचा, वर्गशिक्षक वाचायचे, "बीसी मुलांनी उभं राहा", आणि आम्ही चार-पाच जण उभे राहायचो, फीच्या सवलतीच्या अर्जासाठी. बॅकवर्ड क्लास. उभं राहिलं की अख्खा वर्ग वळून बघायचा, आणि ज्यांना तोवर ठाऊक नसायचं त्यांनाही ठाऊक व्हायचं. तर फळ्यावर बीसी लिहून तुम्ही हातातला खडू फिरवत वर्गभर नजर टाकलीत. घाई केली नाहीत. मग माझ्यावर थांबलात आणि म्हणालात, "हे हिलाच विचारू. हिच्या घरचंच आहे." काय हसले सगळे! मी उभी राहिले, ब्रिटिश कोलंबिया म्हटलं, राजधानी व्हिक्टोरिया म्हटलं. उत्तर बरोबर होतं, सर. बहुतेक पोरं व्हँकुव्हर म्हणून चुकतात, मी चुकले नाही. मागून एकाने टापांचा आवाज काढला, "व्हिक्टोरिया! बीसी चालली घोडागाडीत!" तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत. उलट रुमाल काढून डोळे टिपलेत. त्या दिवशी माझं बारसं झालं ते झालंच.

पुढे दर शनिवारी बीसी माझी आणि फक्त बीसीच माझी. ओंटारिओ पहिल्या बाकावरच्या डॉक्टरांच्या मुलाला, अल्बर्टा त्याच्या शेजारच्याला. मला एकदा, फक्त एकदा, ओंटारिओ हवं होतं. एका शनिवारी तुम्ही एसके लिहिलंत. सस्कॅचवानची राजधानी कुणालाच येईना. डॉक्टरांचा मुलगा छताकडे बघत बसला. मी हात वर केला. सगळ्या वर्गात एकच हात. तुम्ही तो बघितलात, सर, आपली नजरानजर झाली. आणि तुम्ही म्हणालात, "म्हणजे कुणालाच येत नाही? कमाल आहे." पाठ वळवून तुम्ही स्वतःच फळ्यावर रेजायना लिहिलंत. माझा हात तसाच वर. मग मागे वळून म्हणालात, "तू हात खाली घे गं. तुझं स्टेशन अजून यायचंय." मला तेव्हा रडू आलं नाही. मला तुमचं बोट धरून मागे पिरगाळावंसं वाटलं.

बाबांना सांगितलं. बाबा म्युनिसिपालटीत होते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत आले. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, चहा मागवलात, "अहो, तुमची मुलगी म्हणजे हिरा आहे" म्हणालात. आणि मग तुम्ही त्यांना अ‍ॅटलास उघडून दाखवलात. "हे बघा, बीसी. ब्रिटिश कोलंबिया. हा भूगोल आहे हो. मुलं हसतात त्याला मी काय करणार? पोर जरा मनाला लावून घेते." वाहवा! तुम्ही एकही वाईट शब्द उच्चारला नव्हता. कुणाच्या बापाची टाप नव्हती तुम्हाला पकडायची. बाबा घरी आले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "ते भूगोल शिकवतात. तू अभ्यासात लक्ष घाल." मोर्च्यात घसा फुटेस्तोवर घोषणा देणारा माझा बाप, आणि तुम्ही त्याला अ‍ॅटलास दाखवून परत पाठवलंत. ते मी तुम्हाला कधीच माफ केलं नाही, आणि आता करणारही नाही.

आता पुढचं. ग्रुपवर हे कुणालाच माहीत नाही. मी शिकले, स्पीच थेरपिस्ट झाले, परळच्याच एका हॉस्पिटलात लागले. अर्धांगाचा झटका आल्यावर ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं काम. अशा माणसाला सगळं कळत असतं, पण शब्द सापडत नाही. पाणी हवं असतं आणि तोंडातून शब्द येतो खिडकी. आणि एके सकाळी व्हीलचेअरमधून तुम्हाला आणलं. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, हनुवटीवर लाळ. कागदावर तुमचं नाव वाचलं आणि माझ्या अंगातून काय सळसळून गेलं म्हणून सांगू! आनंद, सर. दुसरा शब्द नाही. काकू, म्हणजे तुमच्या मिसेस, मागे उभ्या होत्या. मी म्हटलं, मी सरांची विद्यार्थिनी. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "देवच पावला गं बाई. ह्यांनी पेरलं ते उगवलं."

काम मी चोख केलं. कुणीही विचारावं. पाठ असलेल्या गोष्टी आधी परत येतात, म्हणून आम्ही वार म्हणवून घेतो, पाढे म्हणवून घेतो. तुम्हाला सोमवारसुद्धा येईना. मग मी कार्डं केली. एकावर ओएन लिहिलं आणि तुमच्यापुढे धरलं. तुमचे डोळे चमकले. "ओंटारिओ," तुम्ही म्हणालात, "टोरांटो." स्वच्छ! काकूंनी टाळ्या वाजवल्या. एमबी आलं, एबी आलं, सस्कॅचवानसुद्धा आलं. बीसीचं कार्ड मी केलंच नव्हतं. पण तुम्ही चांगला हात उचललात, बोट माझ्याकडे केलंत, अर्ध्या तोंडाने हसलात आणि म्हणालात, "बीसी." काकू हरखल्या. "अगं बाई, ओळखलं! तुला शाळेत अशी हाक मारायचे का?" मी म्हटलं, "हो काकू."

आणि मग तो शब्द तुम्हाला चिकटला. कधीकधी होतं असं, एकच शब्द जिभेवर ठाण मांडतो आणि बाकीच्यांना वर येऊ देत नाही. पाणी हवं, बीसी. उशी हवी, बीसी. नर्सला बीसी, डॉक्टरांना बीसी, काकूंना बीसी. आता तुम्ही सोवळ्यातले, तुम्हाला कल्पना नसेल, पण मुंबईच्या हिंदीत ही बहिणीवरून दिलेल्या एका घाण शिवीची आद्याक्षरं आहेत. वॉर्डबॉय पोटं धरून हसायचे. "मास्टर को देखो, सुबह सुबह बीसी देता है!" एक जण तर मुद्दाम पलंगाशी येऊन विचारायचा, "क्या मास्टर, मैं कौन?" आणि तुम्ही प्रामाणिकपणे सांगायचात, बीसी. वॉर्ड खिदळायचा. तुमच्या डोळ्यांतून पाणी यायचं, कारण चुकतंय हे तुम्हाला समजत होतं. अख्खा वर्ग हसतोय आणि आपण मध्ये आहोत, हे तुम्हाला समजत होतं. काकू पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "ह्यांनी जन्मात कुणाला गाढव म्हटलं नाही हो." खरंच नाही म्हटलंत. गाढव म्हटलं असतंत तर बाबांना तक्रार तरी करता आली असती.

एकदा मुलाचा फोन आला. काकूंनी तो तुमच्या कानाला लावला. तुम्ही बीसी, बीसी करत राहिलात आणि पलीकडून तो ओरडला, "बाबा, शिव्या काय देताय?" मी फोन घेतला, समजावलं की ही शिवी नाही, कॅनडाच्या प्रांताचं नाव आहे, सर तुमची आठवण काढतायत. तो म्हणाला, "मी तर ओंटारिओत राहतो. तिकडे मी कधी गेलोही नाही." काकूंनी विचारलं, "मग बीसी कोण?" मी म्हटलं, "कुणी नाही काकू. झटक्यानंतर शब्द उगाच चिकटतात." त्यांनी मान डोलावली. सांगून टाकलं असतं तर त्या म्हातारीच्या हाती काय लागलं असतं? तुमच्यावर दया मात्र मला कधी आली नाही. वॉर्डातून निघाले की मी खाली कँटीनला जाऊन चहा प्यायची, आणि तो चहा गोड लागायचा.

मला फक्त एक हवं होतं. तुमच्या तोंडून माझं नाव. आईबापांनी ठेवलेलं, शाळेच्या हजेरीपटावर असलेलं. डिस्चार्जच्या दिवशी काकू बिलाच्या खिडकीशी गेल्या होत्या. मी खुर्ची तुमच्यासमोर ओढली आणि विचारलं, "सर, माझं नाव काय?" शब्द अडला की आम्ही पहिलं अक्षर पुरवतो, म्हणजे माणूस पुढचं ओढून काढतो. माझं नाव म वरून. मी म पुरवला नाही. म्हटलं, यायचं तर तुमच्या आतून येऊ दे, उसना नको. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. कपाळावर घाम आला. आणि तुमचे ओठ मिटले, घट्ट, काहीतरी म्हणायच्या तयारीत. मी पुढे वाकून ओठांकडे बघत होते. तेवढ्यात वॉर्डबॉयने दार ढकललं, "चलो मास्टर, गाडी आली." ओठ उघडले, नुसतीच हवा बाहेर आली. नंतर थेरपीला तुम्ही आला नाहीत, आणि महिना-दीड महिन्याने तुम्ही गेल्याचं काकूंनी फोनवर कळवलं.

हे पत्र मी ग्रुपवर टाकणार नाही. तिकडे "सरांना विनम्र अभिवादन" लिहून मोकळी होईन, हात जोडलेलं चित्रही लावीन. पण आपल्यातलं एक सांगते. ब म्हणायला ओठ मिटावे लागतात. म म्हणायलाही ओठ मिटावे लागतात. आवाज फुटेपर्यंत नुसत्या ओठांवरून दोन्ही सारखेच दिसतात, हे मी दर वर्षी थेरपी शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना शिकवते. बीसी तुमच्या तोंडून भसकन यायचं, त्याला इतका घाम फुटायचा नाही, म्हणून तो म असणार, असा माझा हिशेब. तसं दमल्यावर तुम्ही बीसीलाही अडखळायचात, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी तो म धरते, सर.