कौसाबाईंची शेळी

मंगळवार, पौष महिना. संध्याकाळ.

आज बोलायला पाहिजे होतं, ते बोललो नाही. माझ्या ताब्यातल्या शेतकरी सोसायटीच्या गोदामात युरियाच्या गोण्या महिन्यापूर्वी ऐन थंडीत भिंतीला टेकवून, नुसत्या फरशीवर मीच रचून घेतल्या होत्या. हमाल नामदेवअण्णा म्हणालेही होते, "साहेब, खाली फळ्या टाका, ओल धरतीय." फळ्या मागेच पडून होत्या. का टाकल्या नाहीत? आळस, दुसरं काय!

ओलीनं खताचे दगड झाले, दोन गोण्या फुटल्या. सकाळी ते खडे उन्हाला दारासमोर पसरले आणि चहाला गेलो. दुष्काळात कुठं हिरवं पान नाही. शेजारच्या कौसाबाईंची गाभण शेळी येऊन तेच चाटत बसली. परत आलो तर पाय झाडत होती. बादलीनं पाणी पाजलं, पण गेली.

मग मी काय केलं? आधी खडे झाडून आत टाकले. तेवढ्यात कौसाबाई धावत आल्या. "काय खाल्लं की हिनं! मीच मोकळी सोडली, माजंच चुकलं." मी 'हो' म्हणून मान हलवली. मान कशाला हलवली मी?

जाताना शेळीजवळच्या बादलीकडं बघत, डोळे पुसत म्हणाल्या, "शेवटाला पाणी तर पाजलं तुमी, साहेब. लई पुण्य लागंल तुमाला."