शेवटच्या खेपेची पेल एल

४ मार्च, मंगळवार

लखनशी भांडले. रुद्रची पेल एल, ती हलकी बियर, बारच्या नळावरून कायमची काढायची म्हणतो! रुद्र नोव्हेंबरात गेला, तेव्हापासून ती कुणी बनवलीच नाही. आता तिच्या जागी महागडी काळी स्टाउट, नाहीतर बेल्जियन बियर. "वहिनी, लोक भारीतलंच मागतात. पेल एल कोण पितंय?"

कोण पितंय? अंबडच्या कंपन्यांतली पोरं शिफ्ट सुटल्यावर काय परवडेल ते पितात. त्यांच्यासाठीच तर रुद्रने, माझ्या नवऱ्याने, ही ब्रुअरी काढली. लखन त्याचा भागीदार, गावाकडचा, घोटीपासूनचा दोस्त. त्याला हे मी सांगायचं?

शेवटी ठरलं – नाव न सांगता चाखायचं. जिंकेल ती नळावर.

६ मार्च

पेल एल आणणार कुठून, ही लखनची काळजी. माझ्याकडे आहे. रुद्रच्या शेवटच्या खेपेच्या बाटल्या मी घरी आणून ठेवल्यात – कपाटात, त्याच्या शर्टांखाली. कुणाला हात लावू दिला नाही. त्याच्या हातचीच जिंकू दे.

९ मार्च, रविवार

बार सांभाळणाऱ्या तेजस्विनीने आत जाऊन स्टीलच्या पेल्यांत ओतलं, रंग दिसायला नको म्हणून. चाखणारे मी आणि लखन. पहिली स्टाउट, छान. दुसरी बेल्जियन, जरा गोड. तिसऱ्या पेल्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास. मी घोट थुंकून टाकला. "हे काय टाकाऊ बनवलंयस?" लखनलाच विचारलं.

तेजस्विनी हळूच म्हणाली, "ताई, ती सरांची आहे."

पेल एल दुधासारखी, ताजी असतानाच प्यायची – लग्नानंतर रुद्रने हेच पहिलं शिकवलं होतं. कडक स्टाउट वर्षभर टिकते, ही नाही. मला ठाऊक होतं. तरी जपून ठेवली, त्याची म्हणून. आणि मीच थुंकले.

खूप रडले. लखन पेले धुवायला म्हणून गेला तो बराच वेळ आलाच नाही.

११ मार्च

लखनचा फोन. "शिळ्या बियरवर निकाल नाय लावायचा, वहिनी. रुद्रला चाललं नसतं. तुम्ही बनवा, मी हाताशी राहतो."

रुद्रच्या शेजारी उभं राहून सगळं पाठ झालंय. पण हाताला जमेल?

१४ मार्च

हॉप्सची कडवट फुलं टाकली. वास आला, रुद्रच्या शर्टांना यायचा तोच, आणि तिथेच खाली बसले.

५ एप्रिल, शनिवार

पुन्हा तसंच नाव न सांगता चाखलं. पेल एल जिंकली, नळावर राहणार. लखनने स्वतःहून दुसरा पेला भरून घेतला. म्हणाला, "खोटं नाय बोलत वहिनी, रुद्रच्यापेक्षा चांगली झालीय."

झालीय. मला पहिल्याच घोटाला कळलं. आता हीच चव जिभेवर बसेल, आणि त्याची कशी होती ते मला आठवणार नाही.