टाकीच्या तोंडाशी कोण बसलंय?

सर, तुमच्या वर्कशॉपमध्ये बसून लिहिते आहे. आता त्याला वर्कशॉप म्हणत नाहीत. दारावर 'स्किल लॅब' अशी पाटी आहे, खुर्च्या गोल फिरतात आणि प्रत्येक टेबलावर एक स्क्रीन आहे. मोटार वाइंडिंगची तुमची बाकं मागच्या शेडमध्ये उभी करून ठेवली आहेत आणि त्यांचा ताबा कबुतरांनी घेतला आहे. तुम्ही असता तर आधी कबुतरांना शिव्या घातल्या असत्या आणि मग प्राचार्यांना. मला इथे सगळे टीपीओ मॅडम म्हणतात, म्हणजे पोरांना कारखान्यांत चिकटवून देणारी बाई. नवापूरकडच्या डोंगरातून आलेली, शेवटच्या बाकावरून नुसती मान हलवणारी ती मुलगी आता माइक धरून अधिकाऱ्यांपुढे बोलते, हे पाहून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असता. आज मात्र हसू नका. माझी एक विद्यार्थिनी गुजरातेत रसायनांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून गेली आहे, आणि दुपारपासून तिचा फोन बंद आहे.

तळोद्याच्या वर, जिथे शेवटच्या चढाला जीपवाला माणसं उतरवून त्यांनाच ढकलायला लावतो, तिथली ती. घरी पावरी बोलतात. मराठी तिची शाळेतली, हिंदी मोबाइलवरची, आणि गुजराती आता कारखान्यात कानावर पडेल तेवढी. हात असे की जळलेली मोटार तिच्यापुढे टाकावी आणि आपण चहाला जावं. पण काहीही विचारा, उत्तर एकच: "हो मॅडम." समजलं का? हो मॅडम. जेवलीस का? हो मॅडम. एकदा मी चिडून विचारलं, तुला मुळीच कळलं नाही ना? तरी "हो मॅडम"च. सगळा वर्ग हसला, तीही हसली. मी हसले नाही, कारण ते 'हो' मला चांगलंच ओळखीचं होतं. डोंगरातून आलेल्या मुलांना शाळेत पहिल्या दिवशी कळतं की साहेबाला, गुरुजीला नाही म्हणायचं नसतं. 'पुन्हा सांगा' म्हणणं हेही नाही म्हणण्यासारखंच वाटतं. मग ते हो म्हणतात आणि पुढे शेजारच्याचं पाहून करतात. आमच्यात ही खोड इतकी मुरली आहे की ती खोड आहे हेही आम्हाला कळत नाही.

तुम्हाला ते कळलं होतं. अर्थिंग शिकवताना तुम्ही मला उभं केलं, समजलं का विचारलं, आणि मी हो म्हणताच खडू खाली ठेवलात. "तुन्हा घरनी भाषामा सांग." मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. आमच्या आदिवासींच्या कोकणीत अर्थिंग कसं सांगायचं? तुम्हाला तर कोकणीचं अक्षरही येत नव्हतं. मी अडखळत काहीतरी बोलले, तुम्ही पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणालात, "बठी जाय. तुले नही समजनं." तास संपल्यावर मी रडत विचारायला आले, भाषा येत नाही तर तुम्हाला कसं कळलं? तुम्ही म्हणालात, ज्याला समजलेलं असतं त्याचे हात बोलताना हलतात, तो हवेत तार ओढतो, खड्डा खणून दाखवतो. तुझे हात कडेला लोंबत होते. त्यानंतर आठवडाभर रोज मला कोकणीत अर्थिंग सांगावं लागलं आणि शेवटच्या दिवशी मी हवेत चांगला कमरेएवढा खड्डा खणला. तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. राग गेल्यावर जे वाटलं, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

आणि प्रकाशा गावातली ती विहीर. तुमच्या मळ्यातला, विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर बसवलेला पंप बंद पडला होता, म्हणून तुम्ही आमची तुकडी घेऊन गेलात. ऊन रणरणतंय, तापीकडून वाऱ्याची झुळूक नाही, आणि तुम्ही आधी दोराला कंदील बांधून खाली सोडता. ज्योत नीट जळते आहे याची खात्री झाल्यावर एकेकाला उतरवता. काखेतून दोर, आणि विहिरीच्या तोंडाशी एक माणूस. त्याने कशालाही हात लावायचा नाही, फक्त आतल्याशी बोलत राहायचं. मी उतरते. वरून तुमचा आवाज येतो, काय दिसस? मी सांगते, शेवाळ. मग, पाना कोणत्या हातात आहे? मी सांगते, उजव्या. मग मी नटमध्ये गुंतते, तुम्ही काहीतरी विचारता आणि मी हो म्हणते. पुन्हा विचारता, पुन्हा हो. पुढच्याच क्षणी दोर ताठ होतो आणि मी कोपर खरचटत वर येते. इतकं रागावलेलं तुम्हाला मी कधी पाहिलं नव्हतं.

"हो म्हननारं मानूस मरी जास, पोरी," तुम्ही म्हणालात. "ज्याले हवा कमी पडस ना, तो बी हो-होच म्हनस. वर बसेल मानूसनी कसं वळखानं?"

नंतर तुमच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा मी सवयीने उंबऱ्याबाहेरच टेकले. काकू चुलीपासून ओरडल्या, "बाहेर काय बठनी? मझार ये," आणि मला थेट चुलीशेजारी बसवून तव्यावरची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी माझ्या ताटात टाकली. माझ्या कोपराला हळद लावली आणि तुमच्याकडे बघून म्हणाल्या की पोरगी सोलून आणली. तुम्ही ताटात बघत भाकरी मोडत होतात. तो दिवस मला तुम्ही दिलेल्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठा वाटतो.

आता कसं चालतं ते ऐका. धोरण बदललं आहे. वर्कशॉपचे तास कापले आणि शेवटचं सत्र थेट कारखान्यात. कागदावर ते चांगलंच आहे, मी स्वतः तसं बोलले आहे. आपल्या जिल्ह्यात पोरांना न्यायला कारखाने आहेत कुठे? ऊसतोडीच्या गाडीपेक्षा कारखान्याची बस बरी, हे मला कुणी सांगायला नको. पण सुरक्षितता म्हणजे आता एक व्हिडिओ असतो, निम्मा हिंदी आणि निम्मा इंग्रजी, आणि त्याच्या शेवटी बरोबरच्या खुणा करायच्या. चुकलं तर पुन्हा खूण करायची, बरोबर होईपर्यंत. स्क्रीनला काय, कुणाचे हात कडेला लोंबतायत हे दिसत नाही. बंद टाकीत उतरण्याचा धडा सगळ्यांनी पूर्ण केला आहे. सगळे उत्तीर्ण. किती मुलं कारखान्यात लागली त्यावर कॉलेजची श्रेणी ठरते, आणि ती घसरली की आपली शाखाच बंद. प्राचार्य वाईट माणूस नाही, सर. तोही वरच्यांना हो म्हणतो.

दिवाळीला मागच्या तुकडीतला एक मुलगा भेटायला आला होता. पेढे पुढे केले तेव्हा त्याचे तळहात दिसले, पिवळे, नखांच्या मुळापर्यंत. "रंग आहे मॅडम, जातो हळूहळू," असं म्हणून हसला. जेवायला थांबला नाही. त्यानंतर मी तो कारखाना बघायला गेले. मला कोरं करकरीत हेल्मेट दिलं, काचेच्या खोलीत चहा दिला, सगळं दाखवलं. सांडपाण्याच्या टाक्या लांबून दाखवल्या. एका टाकीचं झाकण उघडं होतं, कडेला दोर पडला होता, तोंडाशी कुणी नव्हतं. मी विचारलं, तर सोबतचा साहेब म्हणाला, जेवणाची सुट्टी आहे. असेलही. परत येताना पूर्ण रस्ता माझ्या घशात कसलातरी वास बसला होता आणि मी गाडीची काच खाली करून बसले होते.

या वर्षी त्याच कारखान्याची बस निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्या मुलीला इथेच उभं केलं आणि तुमच्यासारखं म्हटलं, टाकीत उतरायचं कसं, पावरीत सांग. ती लाजली, ओढणीचं टोक चावत दोन वाक्यं बोलली आणि थांबली. हात कडेला, सर. अगदी कडेला. मी म्हटलं, तू या वेळी जाऊ नकोस, मी महिनाभर शिकवते, पुढच्या तुकडीबरोबर जा. पहिल्यांदाच ती मला हो म्हणाली नाही. "मॅडम, माझं नाव काढू नका. घरी सगळ्यांना सांगून आले." तिला सोडायला आई डोंगर उतरून आली होती आणि बाहेर झाडाखाली बसली होती. प्राचार्य म्हणाले, एक नाव गळालं की कंपनी पूर्ण तुकडी नाकारेल, मग बाकीच्यांना काय सांगणार? मी नाव ठेवलं. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि तिच्या आईला माझा हात सोडवत नव्हता.

आज जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. आवाज खुशीत होता, खोलीतल्या मुली चांगल्या आहेत, भाकरी मात्र मिळत नाही, असं काय काय सांगत होती. तेवढ्यात मागून एक माणूस ओरडला. यंत्रांच्या आवाजात मला फक्त 'अंदर' आणि 'जल्दी' एवढंच ऐकू आलं. ती लगेच म्हणाली, "हां साब."

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"टाकीत उतरायचं म्हणतात बहुतेक. पंप बघायला."

"बहुतेक म्हणजे? वर कोण बसलंय? थांब, आधी त्यांना विचार..."

"हो मॅडम," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्यानंतर मी तिला पुन्हा पुन्हा फोन लावला. कामावर जाताना फोन गेटवर जमा करून घेतात, हे मला माहीत आहे. तसंच असेल. आत्तापर्यंत ती वर आली असेल, हातपाय धूत असेल, भाताला नावं ठेवत असेल. मी स्वतःला हेच सांगते आहे. बाहेर पोरं क्रिकेट खेळतायत, ऊन उतरायला लागलंय, आणि मी तुमच्या विहिरीबद्दल, काकूंच्या भाकरीबद्दल पानं भरते आहे, जणू मला कसली घाईच नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते मला बसतानाच माहीत होतं. पण सर, तुमची आठवण आली म्हणून मी लिहायला बसले नाही. कारखान्याच्या ऑफिसचा नंबर माझ्यापुढे आहे. तिकडून जे ऐकू येईल त्याची भीती वाटते. तो नंबर लावायला लागू नये म्हणून मी इतका वेळ लिहीत बसले.