उभं राहून म्हटलेलं होय

रविवार, संध्याकाळ

आज चर्चमध्ये उपासनेत सुमनला मंडळीची सभासद करून घेतलं. पाळकांनी विचारलं, "हिला सुखदुःखात सांभाळाल?" सगळे उभे राहून "होय" म्हणालो. मी जरा मोठ्यानेच.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाई, उद्या आईचं ऑपरेशन हाय. तुमी येता का?"

"बघते," म्हणाले मी. का? शाळेत रजा तर शिल्लक आहे. इतकी वर्षं प्रत्येक नव्या माणसासाठी उभी राहते, होय म्हणते आणि चपला शोधायला लागते. माझं सभासदत्व एवढंच?

आत्ताच तिला फोन लावला. "सकाळी सातला दवाखान्यात येते. डबा किती जणांचा आणू?"

"खरंच येणार व्हय तुमी?"

"होय," म्हणाले. या वेळी कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.