दुबई, साडेतीन तास

सोम. १२ जाने.
इंदापूरहून दुपारच्या एसटीनं जळोचीला, माहेरी. अब्बा शुद्धीत, पण उठवत नाही. आयुष्यभर बारामती-इंदापूर एसटी चालवली, त्यामुळे अंतर कधी किलोमीटरमध्ये विचारत नाहीत. "जावेदचं दुबई किती तासांवर?" विमानानं साडेतीन, म्हटलं. त्यांनी मनात हिशेब केला. "म्हंजी इंदापूरला जाऊन यायचं. जवळच हाय की."
संध्याकाळी धाकट्या भावाचा, जावेदचा फोन. "आपा, येऊ का?" घाई नको म्हटलं, रजा ईदला ठेव. साडेतीन तासांचा तर प्रश्न.

बुध. १४
तब्येत एकदम उतरली. डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं तर बोलवा. जावेदला कळवलं. आधी रजेवर साहेबाची सही, मग तिकीट. आजचं विमान भरलेलं, उद्या रात्रीचं मिळालं. पुण्यात उतरून पुढं तीन तास गाडी. हे सगळं मी सोमवारी कुठं धरलं होतं? अक्कल गहाण ठेवली होती नुसती.
सकाळी दहाला अब्बांनी विचारलं, "निघाला का पोरगा?" तोंडातून गेलं, निघाला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.
दुपारी बरोबर दीडला डोळे उघडले. "गाडी लेट हाय." रागावले नाहीत. टोपी मागितली, मी घातली. मग दाराकडं बघत पडून राहिले.

गुरु. १५
पहाटेच्या अजाननंतर अब्बा गेले.
जावेद फोनवर रडत होता. "आपा, दफन थांबव. चेहरा तेवढा बघू दे." चाचांना विचारलं. "मय्यत ताटकळत ठिवायची न्हाय, बेटा. भाईजाननं कुणासाठी गाडी थांबवली व्हती का कधी?"
थांबवली होती. माझ्या दहावीच्या पेपरला. हॉल तिकीट घरी राहिलं, जावेद सायकलवरून घेऊन येईपर्यंत. लोक ओरडत होते, अब्बा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.
चाचांना हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जावेदला उशीर कुणामुळं झाला, तेही सांगावं लागलं असतं. दुपारी उशिरा, असरच्या नमाजानंतर दफन. आम्ही बायका दारापर्यंतच.

शुक्र. १६
सकाळी जावेद आला. बॅग दारात टाकून आधी कब्रस्तानात. परत आला तेव्हा गुडघ्यांना माती. विमान साडेतीन तासांचंच होतं, म्हणाला. हे म्हणताना माझ्याकडं बघितलं नाही.
जुम्म्याच्या नमाजाहून आल्यावर अब्बांच्या खाटेवर बसला. उशीखाली टोपी सापडली. ती उलटीसुलटी करत विचारलं, "आपा, अब्बांनी माझी वाट बघितली का गं?"
हो म्हणावं तर ते घड्याळ सांगावं लागेल. नाही म्हणावं तर... चहा ठेवते म्हणून उठले.
चहा आटला. स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. बाहेर तो अजून तसाच बसलाय, टोपी हातात घेऊन. मघाशी एकदा हाक मारली त्यानं.