नातवंडाच्या गोधडीचं कापड

३ मार्च, सकाळी ७.१०
मुलीला पुढच्या महिन्यात बाळ होणार. त्याच्या अंगावरची पहिली गोधडी मी शिवणार. ठरलं. एकतीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले, कापडाचे चौकोन म्हणजे डाव्या हातचा मळ. आज कापड, रविवारी गोधडी. बायको "बरं" म्हणाली आणि चष्मा पुसत बसली.

४ मार्च
साटीन आणलं. दुकानातल्या बाई सुती घ्या म्हणत होत्या. जुना स्टॉक खपवायचा असणार.

५ मार्च
साटीन कात्रीखालून निसटतं. चौकोन कापायला गेलो, होडी झाली. कापडातच दोष. बाई कापलेलं परत घेत नाहीत.

९ मार्च
दुकानाची पाचवी फेरी. सुतीच घेतलं, पण स्वतःच्या विचाराने. लाल आणि पांढरं. बाई म्हणाल्या, आधी धुऊन घ्या, आटतं, रंगही जातो. धुवायचंच तर कोरं कशाला घ्यायचं?

१० मार्च
पिवळं घ्यायला हवं होतं. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. चहा तीनदा.

२२ मार्च
शेवटी लाल-पांढरंच. अठ्ठेचाळीस चौकोन कापले. प्रत्येक बरोबर दहा सेंटिमीटर, केसाचाही फरक नाही. बायकोने विचारलं, शिलाईत जाणारं कापड कुठे सोडलंय? हिला ड्रॉइंगमधलं काय कळतं.

२ एप्रिल
शिवून झाली. वीतभर आखूड. धुतल्यावर आणखी आटली आणि पांढरं गुलाबी झालं. उशीसुद्धा पुरती झाकत नाही. तरी हे फक्त सॅम्पल. खरी आता सुरू.

५ एप्रिल, दुपारी
नात झाली! मी कापडाला निघालो होतो, बायकोने हाताला धरून दवाखान्यात नेलं. नातीला दारातूनच पाहिलं. रिकाम्या हाताने जवळ कसं जायचं? फार वाईट वाटलं.

१३ एप्रिल
कापडाचे आठ नमुने घेऊन मुलीकडे गेलो. म्हटलं, तूच निवड. तिचे डोळे सुजलेले. नमुन्यांकडे बघितलंही नाही.
"बाबा, गोधड्या तीन आल्यात. तुम्ही अजून एकदाही तिला घेतलं नाहीये. धरा, मी जरा पडते."
धरलं. नात खांद्यावर झोपली. नमुने जमिनीवर पडले, वाकता येईना. दोन तास जागचा हललो नाही. घरी आल्यावर शर्टाच्या कॉलरमागचं लेबल वाचलं. पॉलिएस्टर. तिची काही तक्रार नव्हती.