अठराशे पन्नासचा डूख

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आयडी बंद!

सकाळी नऊला ॲप उघडलं तर लाल पट्टी— तुमचं खातं दहा दिवसांसाठी थांबवण्यात आलं आहे. का? तर काल घोडबंदरला केलेलं काम. बाविसावा मजला, फ्लॅट २२०४, संचिता मॅडम. फुल आर्म्स, फुल लेग्ज, फेशियल. बिल अठराशे पन्नास. तक्रार— वॅक्सने मनगट भाजलं. सोबत फोटो.

फोटो मोठा करकरून बघितला. ते मनगट तिचं नाहीच! दोन तास मी ते हात हातात धरून बसलेले, मला नाही कळणार? तिचे हात बारीक, लव सोनेरी. फोटोतला हात कुणा भलत्याच बाईचा. कुठून तरी उचललाय.

आणि काल निघताना काय म्हणाली? "किती हलका हात आहे गं तुझा." करकरीत नोटा दिल्या, बिल दोनदा मागून घेतलं. मी लिफ्टने खाली पोचायच्या आत तक्रार टाकली असेल बयेने.

कंपनीने तिला पूर्ण पैसे परत दिले आणि ते माझ्या खात्यातून कापले. वर "पुन्हा ट्रेनिंग घ्या", त्याचे बाराशे. ऐन लग्नसराईत!

५ फेब्रुवारी

मॅनेजरला अकरा फोन. बाराव्याला उचलला. "मॅडम, कस्टमरने फोटो दिलाय. तुमच्याकडे काय प्रूफ आहे?" म्हटलं, तो हात तिचा नाही. "हात कोणाचा ते आम्ही कसं ठरवणार?"

आम्ही कसं ठरवणार! मग माझा गुन्हा कसा ठरवलात रे?

८ फेब्रुवारी, शनिवार

हिशोबाला बसले. बसून काय करणार, आहेत तेवढेच आहेत. नवऱ्याच्या, तानाजीच्या वर्कशॉपला, वागळे इस्टेटमध्ये, दिवाळीपासून आठवड्याचे तीनच दिवस काम. त्याचा पगार खोलीच्या भाड्यात आणि लाइट बिलात संपतो. स्कूटरचा हप्ता, निशाचा क्लास, गॅस, किराणा माझ्यावर. आणि माझं म्हणजे बुकिंग आलं तर आलं. चांगल्या महिन्यात बाजूला काढायचं, वाईट महिन्यात ते खायचं— अशी सात वर्षं काढली. रव्याच्या डब्यात पाकिटं ठेवते, प्रत्येकावर नाव लिहून. आज 'गाव' लिहिलेलं फोडलं. म्हणजे मे महिन्यात मंडणगडला जाणं रद्द.

तानाजी म्हणाला, "जाऊ दे ना विनिता. दहा दिवसांचं तर आहे." हा असाच. कोणी पाठीवर पाय देऊन चढलं तरी म्हणेल, जपून हं, घसराल.

मी नाही जाऊ देणार. आई सगळ्यांना सांगायची, विनीच्या वाटेला जाऊ नका, ती डूख धरते. धरतेच!

१० फेब्रुवारी

हप्ता बाउन्स. बँकेचा दंड वेगळा.

संध्याकाळी निशा क्लासमधून रडत आली. सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "घरचे फी कधी देणार?" नववीतली पोर. उद्यापासून जाणार नाही म्हणते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि डोळ्यांसमोर एकच चेहरा— फेशियल केलेला, तुकतुकीत, माझ्याच हाताने उजळलेला.

भाकऱ्या थापताना दर भाकरीला तिचं नाव घेतलं. तानाजी आतून ओरडला, "अगं, परात फोडतेस काय?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

शकूचा फोन. माझ्यासारखीच घरोघरी जाऊन पार्लरचं काम करते, डोंबिवलीहून येते. तिला रडगाणं सांगितलं तर किंचाळलीच— "२२०४? सोनेरी दिव्यांचा हॉल? अगं, डिसेंबरात मला पण! म्हणे फेशियलने पुरळ आलं!"

लगेच आमच्या मुलींच्या ग्रुपवर टाकलं. दुपारपर्यंत आणखी दोघी सापडल्या. त्या दुसऱ्या ॲपच्या, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. चौघी मिळून सात हजार तीनशे! बाविसाव्या मजल्यावर राहून आमची मजुरी खाते ही. तळतळाट लागेल म्हणाली शकू. तळतळाटावर मी कशाला अवलंबून राहू?

"कंपनीला कळवू," शकू म्हणाली. कंपनी तिला एक मेल पाठवेल, विषय संपला. नाही. मला तिचं तोंड बघायचंय.

तिच्या दारावर पितळी पाटी आहे. दोन नावं. वरचं नवऱ्याचं— सुश्रुत. रविवारी घरी असेलच की.

१४ फेब्रुवारी

आयडी चालू. रेटिंग चार पूर्णांक आठ होतं, आता चार पूर्णांक चार. दिवसभरात एकच बुकिंग, तेही रद्द झालं.

१६ फेब्रुवारी, रविवार

देव पावला! त्याच बिल्डिंगमध्ये आठव्या मजल्यावर बुकिंग मिळालं. काम आटोपलं आणि लिफ्टमध्ये खालचं नाही, वरचं बटण दाबलं.

दार नवऱ्यानेच उघडलं. चाळिशीचा, शांत, कडक इस्त्रीचा सदरा. "बोला ताई, काय काम होतं?" आत बोलावलं, पाणी दिलं. मी उभ्या उभ्या सगळं ओकले. मोबाइल पुढे केला— चौघींच्या तक्रारी, तारखा, रकमा. त्याने चष्मा लावून एकेक वाचलं. आवाज जराही चढवला नाही.

"चारही वेळा मी रोख दिले होते. बिलं माझ्याकडे फाइलला आहेत. परत आलेले पैसे कोणत्या खात्यात गेले, सांगू शकाल?"

म्हटलं, बुकिंग ज्या नंबरवरून, त्याच नंबरच्या यूपीआयला.

"अच्छा." एवढंच. मग मान न वळवता— "संचिता, तुझा मोबाइल आण."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. मला वाटलेलं, भांडेल, उलट मलाच चोर म्हणेल. मी सगळी उत्तरं तयार करून गेलेले. तिने मोबाइल आणून टेबलावर ठेवला आणि परत दारात जाऊन उभी राहिली.

त्याने पाचशेच्या चार नोटा मोजून दिल्या. "वरचे दीडशे तुमच्या त्रासाचे. बरं केलंत, सांगितलंत."

बावीस मजले उतरेपर्यंत लिफ्टमध्ये एकटीच हसत होते, वेड्यासारखी. निशाच्या सरांच्या हातात फी ठेवली— मुद्दाम, चार पोरं समोर असताना. उरलेल्यात कोळंबी आणली.

१७ फेब्रुवारी

आरशात बघितलं. तोंडावर काय तेज! कोणतं फेशियल नाही देणार असं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सुश्रुतचा फोन. "ताई, यापुढे कंपनी नको. महिन्यातून दोनदा रविवारी तुम्हीच या. बिल कागदावर, थेट माझ्या हातात. दर कंपनीचेच लावा. आणि प्रत्येक वेळी पाचशे वेगळे, लक्ष ठेवल्याचे."

"कसलं लक्ष?"

"ती काय बोलते, कोणाबद्दल बोलते. बायका बायकांशी बोलतात ना. मला कळलं पाहिजे, इतकंच."

महिन्याचे हजार रुपये बांधलेले! वर कामाचे! बांधलेला पैसा कसा असतो ते सात वर्षांत माझ्या पाकिटांनी बघितलेलं नाही. हो म्हणून टाकलं. तिच्याच घरात, तिच्याच उरावर बसून कमवायचं— यापेक्षा गोड काय!

२ मार्च, रविवार

गेले. तो हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेला, आम्ही बेडरूममध्ये, दार लावून. तिच्याकडे आता बटणांचा साधा फोन. वॅक्स गरम केलं, हात धरला.

तीच बोलली, अगदी हळू. "तुमच्या पोटावर पाय दिला मी. मला कळत होतं."

मागच्या वेळी 'तू' होते. आज 'तुम्ही'.

"कळत होतं तरी दिलात?"

"हो."

नुसतं हो! माफी नाही, रडणं नाही. मी स्ट्रिप ओढली, जरा जोरातच ओढली. तिने हात मागे घेतला नाही.

मग सांगत राहिली. आई कल्याणला एकटी, पारनाक्याजवळ चाळीत. इन्सुलिन चालू आहे. लग्नाआधी हिची नोकरी होती, त्याने सोडायला लावली— कशाला धावपळ, मी आहे ना. आईला पैसे द्यायचे म्हटलं की, "तुझा भाऊ का नाही देत?" भाऊ कुठे असतो ते मायलेकींनाही माहीत नाही. "दूध, भाजी, औषध, सगळ्याचं बिल दाखवावं लागतं मला. पार्लर तेवढं एक असं होतं, जिथे बिलही मिळतं आणि पैसेही परत येतात."

तुम्ही आलात त्या दिवसापासून आईला एक रुपया गेलेला नाही, म्हणाली. तक्रार केल्यासारखं नाही. भाव सांगावा तसं.

निघताना त्याने विचारलं, "काही बोलली?"

"नाही. झोप लागलेली त्यांना."

पाचशे घेतले. खोटं का बोलले, मलाच माहीत नाही.

३ मार्च

माझा काय दोष? तिने मला विचारून केलेलं? निशा रडली तेव्हा ही कुठे होती? आईसाठी चोरलं म्हणजे काय चोरी पवित्र होते? आमच्या चौघींच्या आया काय बंगल्यात राहतात?

पाचशेची नोट 'हप्ता' पाकिटात टाकली. काढली. परत टाकली.

तानाजीला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "म्हणजे तिच्यावर पाळत ठेवायचे पैसे देतो तो तुला?"

"मग? तुझ्या वर्कशॉपने दिले का तीन दिवसांचे सहा करून?"

बोलू नये ते बोलले. तो ताट घेऊन उठला. धुऊन ठेवलं आणि बाहेर जाऊन बसला.

९ मार्च, रविवार

कल्याणला एका साखरपुड्याचं काम होतं. परतताना स्कूटर पारनाक्याला वळवली. सरळ सांगते— मायेपोटी नाही. जी बाई दुसरीचं मनगट स्वतःचं म्हणून दाखवते, ती आईसुद्धा बनवून सांगेल. मला तिला दुसऱ्यांदा पकडायचं होतं.

चाळीत संचिताचं नाव सांगितलं तर पोरींनी दार दाखवलं. एवढीशी म्हातारी. डोळ्याला कमी दिसतं, माझा चेहरा चाचपून बघितल्यासारखा बघितला. "संचिताची मैत्रीण का गं? तिचा फोनच लागत नाही. बरी आहे ना?" बिनसाखरेचा चहा केला. दूध शेजारणीकडून आणलं, माझ्या समोर.

विचारलं, इन्सुलिन घेता ना वेळेवर?

"घेते की. एक दिवसाआड घेते. पुरवून पुरवून." आणि हसली. "संचिताला सांगू नकोस हो. रागावेल."

पुरवून पुरवून! तेल पुरवते मी, गॅस पुरवते, शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून पुरवते. पण सुई?

येताना स्कूटर दोनदा बाजूला घेतली. राग कुठे ठेवू कळेना. त्या बाईवर ठेवायला जावं तर तिथे ठरेना. पूर्ण माफ केलंय असंही नाही, माझ्या दहा दिवसांचा हिशोब आहेच तिच्याकडे. पण सारखा तो 'अच्छा' ऐकू येत होता. चार बिलं फाइलला लावून ठेवणारा, पाणी विचारणारा, ताई म्हणणारा. त्याने मला पाचशेत घेतलं आणि मी गेले. दोन हजार मोजून दिले तेव्हा मी जिंकले म्हणून हसत होते. तो तर माझ्याकडून काम करून घेत होता!

घरी आल्यावर तानाजीला म्हटलं, चुकले मी परवा. तो म्हणाला, "मग आता जाऊ दे?"

म्हटलं, नाही. आता तर मुळीच नाही.

१६ मार्च, रविवार

२२०४. दार लावून अडीच तास. फुल आर्म्स, फुल लेग्ज, फेशियल, हेअर स्पा, पेडिक्युअर— बिल चार हजार सहाशे. सुश्रुतने चष्मा लावून एकेक ओळ कंपनीच्या दरांशी ताडून बघितली. दर एकूणएक बरोबर. रोख मोजून दिले, बिल फाइलला लावलं.

केल्या फक्त आयब्रो. बाकी सगळा वेळ ती गाढ झोपलेली. मी शेजारी बसून वॅक्स गरम करत होते, वास हॉलपर्यंत जावा म्हणून.

तिथून थेट कल्याणला गेले. चार हजार सहाशे म्हातारीच्या हातात मोजून दिले, आयब्रोचेसुद्धा कापले नाहीत. लक्ष ठेवल्याचे पाचशे मात्र मी ठेवले. ठेवलंच की लक्ष!